पाइप भिंतीकडेने गेला आहे

असुन्सिओन, ४ मार्च १९९१

एवारिस्तो,

खुशाल असशील. हे पत्र बसवाल्या लिदिओच्या हाती देते आहे. टपालाला पंधरा दिवस लागतात, आणि लिदिओ उद्या सकाळी निघून परवा तुमच्या ब्वेनोस आयरेसमध्ये असतो. तो पत्र फोडत नाही, एवढा भरवसा आहे. तोंडी मात्र काय काय सांगतो ते तू ऐकून सोडून दे.

गोष्ट मोरीची आहे. नाक मुरडू नकोस, तुझं सगळं आयुष्य सिमेंट आणि पाइपातच गेलंय. गेला महिनाभर दुपारी साडेबाराला, जेवणारी मंडळी ऐन रंगात असताना, आत ताटं विसळायला घेतली की अंगणातल्या जाळीतून पाणी वर येतं. पाणी म्हणते आहे, समजून घे. परवा बँकेतल्या एका कारकुनाने दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन सूप संपवलं. वर अदबीने म्हणतो, "न्या फिदेलिना, टेबलावरचं सूप झकास आहे. खालचं कुणाच्या घरचं?" सगळे हसले. मीही हसले, आणि आत जाऊन चुलीशी उभी राहिले ती बराच वेळ बाहेर आले नाही.

मग कुणीतरी कळवलंच. नगरपालिकेचा माणूस आला, इन्स्फ्रान नावाचा. सभ्य आहे, टोपी काढून बोलतो. जाळी बघितली, वास घेतला आणि कागदावर लिहून गेला: तीस एप्रिलपर्यंत लाइन मोकळी झाली पाहिजे, नाहीतर खानावळीला कुलूप. रामोन गेल्यापासून ही खानावळच माझा नवरा आहे, हे तुला ठाऊक आहे. रोज चोवीस ताटं वाढते. कुलूप लागलं तर पंचावन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करणार? मला दुसरं काही येत नाही.

तर मुद्दा असा. रस्त्यात गटाराची मोठी वाहिनी आली त्या साली आपली लाइन तू स्वतः टाकलीस. बाबांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने काढलेला कागद माझ्यापाशी आहे. त्यात पाइप स्वयंपाकघरातून निघून शेजारच्या भिंतीकडेने जातो आणि कोपऱ्यावर वळून रस्त्याला लागतो. तसंच आहे ना? आणि तुंबलंय कशाने, काय करू, ते लवकर कळव.

तुझी बहीण,
फिदेलिना


लानुस, ब्वेनोस आयरेस, ११ मार्च १९९१

ताई,

तुझं पत्र नेलिदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुमच्या घरची पत्रंसुद्धा मोरीची असतात." मी म्हटलं, बाई, याच मोऱ्यांवर हे घर उभं आहे, खाली बस आणि ऐक.

घाबरू नकोस. मी इथे अशा शंभर लाइनी बघितल्यात. हा उद्योग झाडाचा. आपला रानउंबर आता केवढा झाला असेल. जुने पाइप भाजक्या मातीचे, त्यांचे जोड सिमेंटचे. पंचवीस-तीस वर्षांत सिमेंटला केसाएवढी चीर पडते, आणि झाडाचं मूळ म्हणजे लग्नाचं आमंत्रण नसलेला नातेवाईक. एवढीशी फट दिसली की आत, आणि आत आला की सगळं कुटुंब घेऊन राहतो.

उपाय सांगतो. रविवारी खानावळ बंद असेल तेव्हा तीन किलो खडेमीठ ओत, वरून उकळतं पाणी, आणि दिवसभर मोरी वापरू नकोस. त्याने झालं नाही तर पोलादी पट्टी फिरवणारा माणूस बोलाव. तो पट्टी आत घालून मुळं कापून काढेल. खणायच्या भानगडीत पडू नकोस. अंगण उकरलं की खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक पळतं.

पाइपाचं म्हणशील तर बाबांच्या कागदावर आहे तसंच. पाइप भिंतीकडेने गेला आहे. पण तिथवर जायची वेळच येणार नाही.

इथे बरं चाललंय. हाताखाली अकरा माणसं आहेत, त्यातली नऊ आपलीच. एकाचं नाव मी विचारलं तर म्हणाला, "मालक, तुमच्या मावशीच्या दिराचा मी जावई." माझी मावशी अविवाहित गेली हे त्याला सांगितलं नाही. हात चांगला आहे त्याचा.

एवारिस्तो


असुन्सिओन, २१ मार्च १९९१

एवारिस्तो,

मीठ ओतलं. पाच किलो ओतलं. उंबर जास्तच हिरवा दिसतोय.

मग पट्टीवाला आणला. आपारिसियो त्याचं नाव. म्हातारा, एका डोळ्याने कमी दिसतं, पण हाताला सगळं कळतं. पट्टी चार मीटर गेली आणि अडकली. ओढली तर टोकाला हे एवढं मुळांचं जावळ, संन्याशाच्या दाढीसारखं. पाणी दोन दिवस उतरलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा वर. आपारिसियो म्हणाला, "न्या फिदेलिना, पाइप आतून फुटलाय. हे हजामत करून भागणार नाही. खणून नवा घालायला हवा. लाइन कुठून जाते ते दाखवा."

दाखवली. बाबांच्या कागदाप्रमाणे भिंतीकडेने. मीटरभर खणलं, पाइप नाही. दोन पावलं पुढे खणलं, पाइप नाही. कोपऱ्याजवळ खणलं, तिथे आपल्या आईचा एक चमचा सापडला, पाइप नाही. तीन खड्डे झाले.

आणि खड्डे दिसले की आपल्या लोकांचं काय होतं ते तुला सांगायला नको. भिंतीवरून शेजारच्या दॉन सिंदुल्फोंचं डोकं आलं. सैन्यातून सार्जंट होऊन निवृत्त झालेत, आता दिवसभर भिंतच त्यांची चौकी आहे.

"काय चाललंय, न्या फिदेलिना?"

"मोरीचा पाइप शोधतेय, दॉन सिंदुल्फो."

"असं, असं. पाइप." मग आवाज खाली. "माझे आजोबाही असंच म्हणायचे. विहीर खणतोय म्हणायचे."

"पाइपच आहे हो. वास येत नाही का तुम्हाला?"

"वास तर पाहिजेच. वास नसेल तर लोकांना संशय नाही का येणार?"

पणजोबांच्या काळच्या मोठ्या लढाईत पळून जाताना या वस्तीतल्या कुणीकुणी सोनं पुरून ठेवलं आणि कुठल्या झाडाखाली पांढरा बिनडोक्याचा कुत्रा राखण करतो, ते इथल्या पोराटोरांना पाठ आहे. आणि गुप्तधन खणणारा कधी गुप्तधन म्हणत नाही. तो विहीर म्हणतो नाहीतर मोरी म्हणतो. माझी खरोखरची मोरी आहे, तर मी काय म्हणावं?

एवारिस्तो, नीट आठवून सांग. पाइप नक्की भिंतीकडेनेच टाकलास ना? आज मार्चची एकवीस. तीस एप्रिल लांब नाही.

फिदेलिना

ता. क. पवित्र आठवडा आला. लिदिओबरोबर चीज घालून भाजलेल्या चिपा पाठवतेय. मोजून दोन डझन आहेत, दीड डझन पोचल्या तर त्याला विचार.


लानुस, २८ मार्च १९९१

ताई,

चिपा पोचल्या, एकवीस. लिदिओ म्हणाला की सीमेवरच्या जकातवाल्याला भूक लागली होती. जकातवाल्याच्या मिशीतले कण लिदिओच्या मिशीत कसे आले ते त्याने सांगितलं नाही.

पाइपाचं म्हणशील तर त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. जमीन बसते, माती सरकते, पाइप खाली जातात. अजून खोल जायला हवं असेल. किंवा असं कर, खणूच नकोस. त्या आपारिसियोला सांग, दर पंधरवड्याला पट्टी फिरव. इन्स्फ्रान येईल त्याच्या आदल्या दिवशी फिरवली की पाणी उतरलेलं दिसेल, तो सही करून जाईल. माझ्या धंद्यात सगळे असंच करतात, आणि इमारती उभ्या आहेत.

मी स्वतः आलो असतो, पण किल्मेसमध्ये एक स्लॅब ओतायचाय, मे महिन्याआधी हलता येत नाही.

सिंदुल्फोंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या आजोबांच्या विहिरीला पाणी लागलं का ते विचार.

एवारिस्तो


असुन्सिओन, ६ एप्रिल १९९१

एवारिस्तो,

तुझ्या सांगण्याप्रमाणे खोल गेले. माझ्या कमरेएवढं. त्या मातीला बाबांच्या वेळीही कुणी हात लावलेला नाही, असं आपारिसियो म्हणतो. वरची वीतभर तेवढी कधीतरी उकरलेली दिसते, खालची कोरी. "या मातीत पाइप गेला नाही, न्या फिदेलिना. माती खोटं बोलत नाही. माणसाचं माहीत नाही."

आणि आदल्या दिवशी पट्टी फिरवून सही घ्यायची, ते मला जमणार नाही. इन्स्फ्रान सही करून गेला आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला पुन्हा वर आलं, तर त्या चोवीस माणसांच्या पायांशी मी काय बोलू?

आपारिसियो दोन दिवस नुसता अंगणात बसला. थंड 'माते' चहाचे पेले रिचवत. मला वाटलं, म्हातारा दमला. तिसऱ्या दिवशी म्हणतो, "कागदाला विचारून झालं, आता झाडाला विचारू. झाड पाण्याशिवाय कुठे जात नाही. याचं सगळ्यात जाड मूळ धरायचं आणि त्याच्या मागे जायचं. ते जिथे केसांसारखं फुटेल तिथे पाइप." मला पटलं. म्हणून परवापासून उंबराच्या बुंध्याशी खणतोय.

आता मात्र वस्तीला कसलीच शंका उरलेली नाही. म्हातारं झाड, त्याच्या बुंध्याशी खड्डा, आणि विधवा बाई म्हणतेय मोरी. दॉन सिंदुल्फो कुठून तरी धातू शोधायचं यंत्र घेऊन आले. "फक्त मदत, न्या फिदेलिना, वाटा नको." यंत्र बुंध्याशी नेलं तर ते कोकरासारखं ओरडायला लागलं. सगळी भिंत डोक्यांनी भरली. खणलं तर चुलीचा बिडाचा पाय निघाला. मी म्हटलं, झालं समाधान? तर भिंतीवरची एक बाई म्हणते, "बिडाचा पाय वर ठेवतातच. खूण असते ती."

दुपारच्या जेवणाला गर्दी वाढलीय. सूप निम्मं टाकून उंबराकडे बघत बसतात. वास आहे, पाणी आहे, तरी येतात. पण इन्स्फ्रान सोनं शोधायला येणार नाही, तो जाळी बघायला येणार आहे. चोवीस दिवस राहिले.

फिदेलिना


लानुस, १२ एप्रिल १९९१

ताई,

सरळ लिहितो, राग मानू नकोस.

लिदिओ सोमवारी आला तो पत्र देण्याआधीच म्हणाला, "मालक, अभिनंदन." कशाचं विचारलं तर डोळा मारला. तुझं पत्र मी नंतर वाचलं. त्यात मूळ आहे, म्हातारा आहे, बिडाचा पाय आहे. जे लिदिओने सांगितलं ते नाही. तो म्हणतो यंत्र दोनदा ओरडलं. तुझ्या पत्रात एकदाच ओरडलंय.

मी स्वतःच्या हाताने वर आलेला माणूस आहे, ताई. माझ्या साइटवर कोण सिमेंटची गोणी कमी दाखवतो ते मला तो बोलायला लागला की कळतं. बाबांच्या कागदावर पाइप भिंतीकडेने आहे. उंबर भिंतीपासून सात मीटर लांब. तुझ्या हातात तोच कागद आहे. मग पाइपासाठी तू उंबराखाली का जाशील? झाडाला विचारलं म्हणतेस. ताई, झाडाला विचारून मी आजवर एकही लाइन काढली नाही.

मला काही नको. मला देवाने दिलंय. पण घर अर्धं माझ्या नावावर आहे, आणि जमिनीच्या खाली जे असेल तेही अर्धं माझं, काय सापडलं ते तरी तू मला आधी सांगायला हवं होतंस. परक्या सार्जंटला आधी कळतं आणि सख्ख्या भावाला बसवाल्याकडून.

तर मी येईपर्यंत उंबराखालचं खणणं बंद ठेव. मेच्या पहिल्या आठवड्यात येतो. नगरपालिकेचं मग बघू, आठ दिवस कुलूप लागलं म्हणून काही बिघडत नाही. तेवढी तुला विश्रांती होईल.

नेलिदा म्हणते, ताईंनी असं करायला नको होतं.

एवारिस्तो


असुन्सिओन, १६ एप्रिल १९९१

एवारिस्तो,

खणणं थांबवलं. अर्धं घर तुझं आहे, तू म्हणालास तसं. आपारिसियोला घरी पाठवलं. खड्ड्यावर फळ्या टाकल्यात. दॉन सिंदुल्फोंनी फळ्यांवर खुर्ची टाकली आहे, राखण म्हणून.

आठ दिवसांच्या कुलपाने काय बिघडतं ते तुला सांगते. चोवीस माणसं आठ दिवस दुसरीकडे जेवतील. नवव्या दिवशी ती माझ्याकडे का येतील? कोपऱ्यावर नवीन खानावळ निघालीच आहे, पंखे लावलेत तिने. तुझ्या धंद्यात स्लॅब थांबतो. माझ्या धंद्यात भूक थांबत नाही.

लपवायचं तर मी लपवलं असतं, रे. चार ओळी लिहून भागवलं असतं. प्रत्येक खड्डा लिहिला, चमचा लिहिला, बिडाचा पाय लिहिला. यंत्र दोनदा ओरडलं हे खरं, दुसऱ्यांदा दॉन सिंदुल्फोंच्याच बुटाच्या खिळ्याने ओरडलं, ते मी लिहायचं विसरले. सिंदुल्फोंचा मला राग नाही. ते सार्जंट आहेत, त्यांना शत्रू किंवा सोनं, काहीतरी लागतंच. तू माझ्या हातचं खाऊन मोठा झालास.

बाबांचा कागद याच्यासोबत पाठवते आहे. मला आता त्याचा उपयोग नाही. शेवटच्या वर्षी त्यांना उठता येत नव्हतं तेव्हा तो उशाखाली असायचा. जो भेटायला येईल त्याला काढून दाखवायचे. "हे मी नुसतं काढलं. टाकलं माझ्या एवारिस्तोने, एकट्याने, वीस वर्षांचा होता. आजवर एकदा तुंबलं नाही."

फिदेलिना


लानुस, १९ एप्रिल १९९१

ताई,

लिदिओला बसवून ठेवलंय. त्याची बस तासाभरात सुटते, त्याआधी हे लिहून संपवायचं आहे.

पाइप भिंतीकडेने गेलेला नाही. तो स्वयंपाकघरापासून तिरका, सरळ उंबराच्या मुळांतून रस्त्याला गेलाय. बुंध्यापासून दीड मीटरवर, रस्त्याच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या खोलीवर. तुझा म्हातारा बरोबर होता. तू अजून एक दिवस खणलं असतंस तर सापडला असता, आणि मी तुला थांबवलं.

बाबांनी भिंतीकडेने न्यायला सांगितलं होतं ते या झाडाला घाबरूनच. अठरा मीटर होत होते. अठरा मीटरचे पाइप आणि सिमेंट त्यांनी आणून ठेवलं आणि ते बंदरावर कामाला गेले. तिरकं गेलं तर बारा मीटर. मी बारा मीटर टाकलं, ते येण्याआधी चर बुजवला, आणि भिंतीकडेची माती वरवर उकरून ठेवली, खणल्यासारखी दिसावी म्हणून. उरलेले सहा पाइप आणि दोन गोणी सिमेंट मी बंदराजवळच्या एका दुकानदाराला विकलं. त्याच्यात कोरिएन्तेसपर्यंतच्या बोटीचं तिकीट आलं. चौथ्या दिवशी मी कुणाला न सांगता निघालो, ते तुला आठवत असेल. इथे सगळ्यांना सांगतो की हातात काही नसताना आलो. हातात सहा पाइप होते.

आता बघ मी काय केलं. पाइप उंबराखाली आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं. तुझ्या हातात बाबांचा कागद, त्यात भिंत. म्हणून तू उंबराखाली गेलीस तेव्हा मी म्हटलं, पाइपासाठी ही तिथे जाणारच नाही, हिला दुसरंच काही सापडलंय. माझी लबाडी मला माहीत होती, तिच्यावरून मी तुझी लबाडी काढली. एका म्हाताऱ्याला एका डोळ्याने, कुठल्याही कागदाशिवाय, खरी जागा सापडू शकते हे मला सुचलंच नाही.

मीठ ओत म्हणालो, खोल खण म्हणालो, पट्टी फिरवून सही घे म्हणालो. सगळं एवढ्याचसाठी की कुणी उंबराकडे जाऊ नये.

कागद मिळाला. तो उशाखाली असायचा हे मला माहीत नव्हतं. जास्त लिहीत नाही.

स्लॅब दुसऱ्याच्या हाती देतोय. लिदिओच्या पुढच्या फेरीने, चोवीसला सकाळी पोचतो. प्लास्टिकचे नवे पाइप, अठरा मीटरचे, बसच्या टपावर बांधून आणतो. आपारिसियोला बोलावून ठेव. खानावळ बंद ठेवू नकोस, मी दुपारच्या जेवणाच्या वेळी हत्यार चालवणार नाही. नेलिदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ताईंना माझं ते वाक्य कळवलं असेल तर तेही परत घे. घेतलं.

तू दारात घेणार नसशील तर सिंदुल्फोंच्या फळ्यांवर झोपेन.

एवारिस्तो


असुन्सिओन, ९ मे १९९१

एवारिस्तो,

सुखरूप पोचल्याचं लिदिओने सांगितलं. कंबर धरून उतरलास असंही सांगितलं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी वीस वर्षांच्या पोराचं काम करायला गेलं की असं होतं. डुकराची चरबी गरम करून चोळायला सांग नेलिदाला.

तू तीसला सकाळी निघालास आणि अकरा वाजता इन्स्फ्रान आला. टोपी काढली. स्वयंपाकघरात दोन बादल्या ओतल्या, मग अंगणात येऊन जाळीशी उकिडवा बसला. पाणी आलं नाही. तिसरी बादली ओतायला लावली. मग कोपऱ्यावरच्या नव्या चेंबरचं झाकण काढून आत कान लावला, आणि म्हणाला, "गाणं म्हणत चाललंय." सही केली, शिक्का मारला. मी जेवायला बसवलं. दुसरं ताट संपल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "न्या फिदेलिना, कागद झाला, आता मी सरकारी माणूस नाही. आपल्यातलं सांगा. किती निघालं?"

"अठरा मीटर," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, फार समजल्यासारखी.

तू लक्षात घे, वस्तीने काय बघितलं. ब्वेनोस आयरेसचा श्रीमंत भाऊ तातडीने आला. बसच्या टपावरून लांबच लांब गाठोडी उतरली. सहा दिवस भिंतीकडेने चर खणला, आणि जाताना दोन माणसांनी उचलायची पिशवी घेऊन गेला. त्यात हत्यारं होती हे मी ओरडून सांगितलं असतं तर उलटंच झालं असतं, म्हणून गप्प बसले. दॉन सिंदुल्फोंनी चरातली मातीची प्रत्येक बादली चाळली, तुझी निम्मी मजुरी त्यांनी वाचवली, आणि त्यांना काही मिळालं नाही त्यावरून त्यांचा निष्कर्ष असा की तू आधीच काढून घेतलंस. तुझ्याबद्दल त्यांना आदर वाटतो. "सोन्याचा कोळसा होऊ दिला नाही पठ्ठ्याने," म्हणतात.

जुन्या पाइपाचे तुकडे आपारिसियोने काढले. मुळांनी आतून असे भरले होते की पाइप फोडला तरी मुळांचा पाइप तसाच उभा राहिला. उंबर तोडला नाही, तुला सांगितलं तेच केलं. सावलीत सहा टेबलं बसतात, ती कुठे नेऊ? आता एकतीस ताटं होतात. पंख्यावाल्या खानावळीचे पाच जण माझ्याकडे आलेत, सोन्याच्या वासाने का होईना.

आता तुझं पत्र. तू इथे होतास तेव्हा मी त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नाही. तू वाट बघत होतास, मला दिसत होतं. रोज जेवताना ताटावरून मान वर करायचास. पण मला समोरासमोर बोलता येत नाही, मला लिहिता येतं, आणि चुलीपाशी उभं राहून वाढता येतं.

सहा पाइपांचा मला राग नाही. बाबांना आला असता, पण बाबा चार दिवसांत विसरले असते आणि पाचव्या दिवशी तुझ्या बोटीची गोष्ट बंदरावर सांगत फिरले असते. राग आहे तो वेगळाच. या अठ्ठावीस वर्षांत तू नऊ वेळा आलास. आईच्या मातीला, बाबांच्या मातीला, माझ्या लग्नाला, रामोनच्या मातीला, आणखी कशाकशाला. नऊही वेळा एक रात्र राहिलास आणि पहाटे निघालास. अंगणात कधी बसला नाहीस. खुर्ची दिली की म्हणायचास, घाईत आहे. मला वाटायचं, माणूस मोठा झाला, आपलं घर त्याला लहान पडतं. रामोन म्हणायचा, तुझ्या हातचं त्याला आवडत नाही. त्यावरून आमची भांडणं व्हायची. त्या बारा मीटरच्या मातीवर तुला पाय ठेवता येत नव्हता, हे मला कसं कळणार?

या वेळी सहा दिवस राहिलास. शेवटच्या दिवशी चर बुजवून झाल्यावर उंबराखाली खुर्ची ओढून बसलास, पाय पसरलेस, आणि बसल्याबसल्या झोपलास. तोंड उघडं होतं. बँकेतले कारकून तुझ्याभोवतीनं चवड्यांवर चालत होते. मी त्यांना आधी सूप वाढलं आणि तुझं ताट झाकून ठेवलं.

जूनमध्ये सान हुआनच्या सणाला ये. नेलिदाला घेऊन ये. हत्यारं आणू नकोस, दुरुस्त करायचं काही नाही.

तुझी बहीण,
फिदेलिना